दोन आत्याबाई

आधीच सांगते. भूत, करणी, भानामती, अंगात येणं, दृष्ट लागणं यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली. पक्ष, साध्य, सिद्धता. सिद्धता नसेल तर 'म्हणून' लिहायचं नाही, हे लाल शाईने लिहून लिहून माझी बोटं वाकडी झाली. तेव्हा खाली जे लिहिते आहे त्यात 'म्हणून' शोधू नका.

हे लिहायचं कारण माझी नात अन्वी. ती आणि तिचा भाऊ ईशान टोरांटोत वाढले. मराठी वाचतात ती बहुतेक इथेच, या साइटवर, आणि तीही असल्याच गोष्टी. मागच्या हिवाळ्यात अन्वी पुण्याला एका लग्नाला आली होती. तिथे बुफेच्या रांगेत आमच्या लोणीकडच्या एका नातेवाईक बाईंनी तिला गाठलं आणि ताटात जिलबी वाढावी तसं वाढलं — "तुझ्या आजीनं आमच्या आत्याला ट्रंकेसकट रिक्षात घालून घराबाहेर काढलं, माहितीये ना?" पोरगी ताट घेऊन पुढे सरकली. परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी, इज इट ट्रू?" मी म्हटलं, आवाज तुटतोय गं.

आवाज तुटत नव्हता.

तर अन्वी, ईशान, खरं आहे. काढलं. ट्रंक मीच भरली, रिक्षाही मीच बोलावली. का, ते आता वाचा. इतरांनीही वाचायला हरकत नाही, फक्त खाली प्रतिसादात मला डॉक्टर सुचवू नयेत. या गोष्टीत डॉक्टर आधीच आहेत.

माझा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे वळलेला होता. बुधवार पेठेत आम्ही राहायचो तिथल्या पोरांनी मला काय नाव ठेवलं होतं ते तुम्हीच ओळखा, फार अक्कल लागणार नाही. मी सात वर्षांची असताना वडिलांनी ऑपरेशन करून घेतलं आणि डोळा सरळ झाला. कॉलेज, बी.एड., लग्न, सगळं सरळ डोळ्यांनी पार पडलं. तुमचे आजोबा मला बघायला आले तेव्हा मी कुठे बघते आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मग तुमची आई शुभा चारेक वर्षांची असताना तोच डोळा पुन्हा सुटायला लागला. या वेळी नाकाकडे नाही, कानाकडे. ते आधी कळलं माझ्या वर्गाला. मी "तू, ऊठ, सांग" म्हटलं की दोन बाकांवरच्या दोन मुली उठायच्या.

"बाई, मी का ही?"

"तू."

"तू म्हणजे मी का ही, बाई?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दोघी सांगा गं. एक बरोबर येईलच." वर्ग खो खो हसला. मीही हसले असते. पण मला त्या वेळी खरंच दोन-दोन दिसत होत्या... त्या दोघी नव्हेत, प्रत्येकीच्या दोघी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणी डोळा आत ओढणारा स्नायू सोडवून मागे शिवला होता. इतक्या वर्षांत तो ढिला पडला आणि बाहेर ओढणारा स्नायू त्याला भारी झाला. पहिलं ऑपरेशन चुकलं असं नाही, असं होतं कधीकधी. पुन्हा आत शिरून तो जुना स्नायू शोधायचा आणि पुढे आणून शिवायचा, की डोळा सरळ.

"पण तुम्हाला दोन दिसायला नकोत," ते म्हणाले. "लहानपणापासून तिरळा असलेल्या डोळ्याचं मेंदू ऐकेनासा होतो. त्याचं चित्र टाकून देतो."

"माझा नाही टाकत."

"टाकायला पाहिजे."

"मग सांगा त्याला तसं."

त्यांनी लाल काच लावली, दिवा दाखवला, उलटसुलट विचारून बघितलं. दोनच होते. डावा डोळा बाहेर गेलेला, त्यामुळे त्याचं चित्र उजवीकडे दिसायचं. डावा मिटला की उजवीकडचं नाहीसं. हे सगळं भूमितीत बसत होतं, त्यामुळे मला भीती अशी वाटली नाही. दिवसभर मी डोळा ताब्यात ठेवायचे. संध्याकाळी थकले की तो सुटायचा. मग दोन दारं, दोन दुधाच्या बाटल्या, दोन नवरे. एक पुरेसा होता.

त्याच सुमारास आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या. आत्याबाई म्हणजे आजोबांची आत्या. आजोबांची आई ते लहान असतानाच गेली. लोणी काळभोरला शेतावरच्या घरात या विधवा, मूलबाळ नसलेल्या आत्याने त्यांना वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. मी शाळेत, आजोबा खडकवासल्याला कालव्याच्या कामावर, शुभाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्या आनंदाने आल्या. कर्वे रस्त्याच्या मागे आमची सोसायटी तेव्हा नवीकोरी होती आणि शेजारी एकमेकांशी मोजकंच बोलत. आत्याबाईंनी आठवड्यात सगळे मजले आपलेसे केले. बोळकं तोंड, आणि त्या तोंडभर हसू. तक्रार म्हणून त्यांच्याबद्दल मला एक ओळ लिहिता आली नसती.

"सूनबाई, डोळं थकल्यात तुजं. पड वाईच. पोरीचं मी बगते."

आणि त्या दृष्ट काढायच्या. तिन्हीसांजेला शुभाला पाटावर बसवायचं, मुठींत मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घ्यायच्या, डोक्यापासून पायांपर्यंत ओवाळायचं, ओठांतल्या ओठांत आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची म्हणत पुटपुटायचं, आणि सगळं शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर. महिन्याभरात बिल्डिंगमधल्या बाया आपापली बाळं घेऊन दारात. त्यात एक बँकेत ऑफिसर होती आणि एक कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी नाक मुरडायचे, पण बोलायचे नाही. मिठाने कुणाचं काय बिघडतं?

एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन वेताच्या खुर्चीत बसले होते. डोळा सुटलेला. समोर दोन पाट, दोन शुभा, दोन आत्याबाई. मी सवयीने बघत होते, म्हणजे खरं तर बघत नव्हते. मग काहीतरी खटकलं. फळ्यावर आकृती काढताना कोन चुकला की पाठीत कळतं तसं.

डावीकडच्या आत्याबाईंचे हात घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत होते. उजवीकडच्या आत्याबाईंचे उलटे.

मी चेहऱ्याकडे बघितलं. डावीकडच्या आत्याबाई शुभाकडे बघून हसत होत्या, पुटपुटत होत्या. उजवीकडच्या हसत नव्हत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि त्या शुभाकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे लोकांनी लहानपणापासून तऱ्हेतऱ्हेच्या नजरांनी बघितलं आहे, त्यातली मी जाणकार आहे. ही नजर त्यातली नव्हती. राग येतो आणि जातो. हे येऊन बसलेलं होतं, आणि उठायचा विचार नव्हता.

मी डावा डोळा मिटला. एकच आत्याबाई, हसणारी. उजवा मिटून नुसत्या डाव्याने बघितलं. एकच आत्याबाई, तीही हसणारी, हात सुलटे. दोन्ही उघडले... ती तिथेच होती.

पुढचे काही दिवस मी शिस्तीने तपासलं. दोन शुभा एकसारख्या, दोघींच्या नाकाला शेंबूड. दोन आजोबा एकसारखे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मुद्दाम शुभाची दृष्ट काढायला लावली, दोन्ही काकूंचे हात एकाच बाजूने फिरले. फरक फक्त आत्याबाईंत होता, आणि तोही फक्त दृष्ट काढताना. निदान सुरुवातीला. नंतर भाकरी थापतानाही उजवीकडची मान वर करून बघायला लागली.

आणि शुभा वाळत चालली. खाल्लेलं अंगी लागेना, संध्याकाळी कणकण, रात्री दात खायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जंत सांगितले, मग टॉन्सिल सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला लै नजर लागतीया," आणि सकाळीही दृष्ट काढायला लागल्या.

मी आजोबांना म्हटलं, "अहो, हे दृष्ट काढणं बंद करायला सांगा त्यांना."

"का?"

"मला नको आहे."

"दृष्टबिष्ट सगळं थोतांड आहे असं तूच म्हणतेस ना?"

"आहेच."

"मग थोतांड काढलं काय, न काढलं काय. म्हातारीचा जीव रमतो."

"आणि काढत नसल्या तर? लावत असल्या तर?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "थोतांड आहे तर लावणार तरी कसं?"

मग मी जे दिसत होतं ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग इतक्या हळू आवाजात बोलले की ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "त्या बाईनं मला उपाशी राहून वाढवलंय. तुला दोन दिसतात हा तुझ्या डोळ्याचा दोष आहे. तो तिच्या अंगाला चिकटवू नकोस. डोळा दाखवलास, आता डोकंही दाखवून घे."

मी ऑपरेशनची तारीख घेतली. माझा हिशेब साधा होता. दोनाची एक आत्याबाई झाली, की प्रश्न मिटला. राहील ती हसणारी. हे मी गृहीत धरलं. गृहीतक तपासून बघावं, हे रोज मुलींना सांगणारी मी.

त्या डॉक्टरांची पद्धत अशी होती — ऑपरेशनच्या दिवशी टाक्याची शेवटची गाठ मारायची नाही, सरकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट पूर्ण जागा असताना डोळ्यात बधिर करायचे थेंब घालायचे, लांबचं काहीतरी बघायला सांगायचं, आणि दोरा जरा ओढत, जरा सैल करत विचारायचं, किती दिसतात? पेशंट 'एक' म्हणाला की गाठ पक्की. पुढचा सगळा जन्म त्या एका शब्दावर.

शुभाला माझ्या आईकडे ठेवलं होतं. आजोबांना रजा नव्हती. दवाखान्यात सोबतीला आत्याबाई. "मीच ऱ्हानार. माझ्याबिगर कोन हाय तिला?" नर्सेस त्यांच्यावर खूष.

सकाळी नेमकी वीज गेलेली. भिंतीवरचा तक्ता दिसेना, लांबचा दिवा लागेना. डॉक्टरांनी मला दाराशी, व्हरांड्याकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही जरा त्या टोकाच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहता का? तुमच्याइतकं ठळक दुसरं काही नाही आत्ता."

"हितं?"

"अजून लांब. हां. आता हलू नका. — बाई, आजींकडे बघा. किती दिसतात?"

"दोन."

खिडकीचा उजेड, त्यात पांढऱ्या लुगड्यातल्या दोन आत्याबाई. डावीकडची बोळकं पसरून हसत होती, मला धीर द्यायला मान हलवत होती. उजवीकडची हात खाली सोडून उभी.

डोळ्याच्या कोपऱ्यात दोरा ओढल्याचं कळत होतं. दुखत नव्हतं, पण कळत होतं. उजवीकडची डावीकडे सरकायला लागली. ते बरोबरच होतं, डोळा आत येत होता, चित्र सरकणारच.

"जवळ येतायत?"

"येतायत."

"आता?"

"अजून दोन."

आणि तेव्हा डावीकडची, हसणारी, हसायची थांबली. तिने मान वळवली आणि शेजारी बघितलं. मग ती मागे सरली. भिंतीला टेकली. एक हात वर केला, नको म्हणताना करतात तसा. लक्षात घ्या, तिने मागे सरायचं काहीही कारण नाही. ती माझ्या चांगल्या डोळ्यातली होती. त्या डोळ्याला कुणी हात लावला नव्हता.

"आजी, हलू नका म्हटलं ना!" डॉक्टर ओरडले.

"म्या कुटं हालले?" टोकाकडून आवाज आला. हसरा, मऊ. तो कोणत्या तोंडातून आला ते मी सांगू शकत नाही, कारण तेवढ्यात दोन्ही चित्रं एकमेकांवर आली होती.

"किती?"

मी खिडकीकडे बघत राहिले.

"बाई, बोला. मला गाठ मारायचीये. किती?"

दोन म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मला लोकांनी विचारू नये. मला दोन दिसत नव्हत्या. माझं पोर वाळत होतं, आणि मला जे दिसलं ते मी सांगितलं.

"एक."

त्यांनी गाठ मारली, दोरा कापला. "उत्तम. बघा, आजींना तुमच्यापेक्षा जास्त आनंद झालाय. केवढ्या हसतायत!"

मी बघत होते. खिडकीपाशी एकच आत्याबाई उभ्या होत्या. ओठ मिटलेले. हात खाली सोडलेले. माझ्याकडे बघत होत्या.

घरी आलो. डोळा इतका सरळ की बघायला शेजारणी आल्या. आत्याबाई सगळ्यांना चहा देत होत्या, आणि सगळ्या म्हणत होत्या, काय बाई प्रेमळ, काय हसरा चेहरा. मी एकाच चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यावर हसू नव्हतं. आता डोळा मिटून काही उपयोग नव्हता. डावा मिटा, उजवा मिटा, तीच. आवाज मात्र तसाच मऊ. "सूनबाई, च्या घितीस का?" आवाज एकीचा, तोंड दुसरीचं. शुभा त्यांच्या मांडीवर बसून त्यांचे गाल ओढत म्हणाली, "आजी, तू सारखी सारखी काय हसतेस गं?"

संध्याकाळी त्यांनी पाट मांडला, मीठ-मोहऱ्या घेतल्या. मी शुभाला पाटावरून उचललं. "आजपासून दृष्ट काढायची नाही."

"बरं बाई," आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर शुभा पाटावर होती आणि मुठी फिरत होत्या. उलट्या. आता मुठी उलट्या फिरायला शेजारी दुसऱ्या आत्याबाई असायची गरज उरली नव्हती.

आजोबा खडकवासल्याला गेले होते. मी ट्रंक भरली. लुगडी घडी घालून, पानाची चंची वर, औषधाची बाटली कापडात गुंडाळून. मी उद्धटपणा केला नाही, अव्यवस्थितपणाही केला नाही. समोरच्या दारात बँकेतल्या ऑफिसरबाई उभ्या राहून बघत होत्या. "अहो, म्हाताऱ्या माणसाला कुठे पाठवताय?"

"लोणीला. तुमच्याकडे ठेवून घेता का?"

दार लागलं.

रिक्षातून पूलगेटच्या बसथांब्यापर्यंत मी शेजारी बघितलं नाही. आत्याबाई रडत होत्या, ते ऐकू येत होतं. "माजं काय चुकलं ते तरी सांग, बाई." मी काय सांगणार होते? बस आली. मी ट्रंक वर चढवली, कंडक्टरला लोणी काळभोर सांगितलं. त्या खिडकीत बसल्या आणि वाकून मला म्हणाल्या —

"डोळं नीट झालं तुजं. आता तुला येकच दिसतीया. न्हाई?"

मला दोन आत्याबाई दिसतात, हे मी फक्त आजोबांना सांगितलं होतं, आणि हे आत्याबाईंना सांगण्याआधी आजोबा जीभ तोडून घेतील. अर्थात त्या व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या, डॉक्टर मोठ्याने बोलत होते. कानावर पडलं असेल. असेलही.

शुभा त्यानंतर बरी झाली. ठणठणीत. जंताचं औषध बदललं होतं त्याच आठवड्यात, तेव्हा इथेही 'म्हणून' लिहिता येत नाही. आजोबा लोणीला गेले, पाया पडले. आत्याबाई परत आल्या नाहीत. आजोबा माझ्याशी बोलले ते कामापुरतं, आणि ते कामापुरतं बोलणं पुढे आमची सवय झाली. सासरच्या कार्यांत माझी ओटी भरायची वेळ आली की बायकांना नेमकं दुसरं काम आठवायचं. "नजरच वाकडी तिची," असं माझ्या पाठीमागे म्हणायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून. सरळ झालेल्या डोळ्याला आयुष्यात पहिल्यांदा वाकडा म्हणवून घेतलं.

आत्याबाई बऱ्याच वर्षांनी गेल्या. मी बाराव्याला गेले. कुणी या म्हटलं नव्हतं, पण गेले. तिथे ज्याने त्याने मला ऐकवलं की शेवटपर्यंत म्हातारी आळीतल्या प्रत्येक पोराची दृष्ट काढायची. पोरं समोरच होती, वाढलेली, धडधाकट. एकालाही काही झालं नव्हतं. हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवून ती बुफेवाली बाई मला म्हणाली, "बगा, कशा हसत्यात." मी नमस्कार केला आणि चप्पल घातली. फोटोत काय दिसलं ते लिहीत नाही.

शुभाला विचाराल तर तिला यातलं काही आठवत नाही. तिला फक्त मिरचीचा ठसका आठवतो.

आता या वयात डोळा पुन्हा सुटतोय. नव्या डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत, गोड बोलतात. म्हणाल्या, "आजी, ऑपरेशन नको, चष्म्यात प्रिझम घालू, दोनाचं एक होईल." मी म्हटलं, राहू दे. एकदा एक करून बघितलं आहे.

तुम्ही रविवारी कॉल लावता आणि ओरडता, "आजी, बघतेस कुठे?" तुमच्याकडेच बघत असते. दोन्हीकडे. सुरुवातीला मी थोडा वेळ बोलत नाही आणि तुम्हाला वाटतं आजीने म्यूट केलंय. तेव्हा मी तपासत असते. आतापर्यंत दोन्ही अन्वी सारख्या आहेत, दोन्ही ईशान सारखेच आळशी आहेत. तुमची आईही. काळजी करू नका.

पक्ष मी लिहिला. साध्य काय ते इतक्या वर्षांत ठरलं नाही, सिद्धता तर नाहीच. आत्याबाईंमध्ये खरंच काही होतं, की जे होतं ते बघणारीत होतं, हे कळायला एक परीक्षा आहे आणि ती अगदी सोपी आहे. त्यासाठी कुठे जावं लागत नाही, आरसा घरातच आहे, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं एवढंच. संध्याकाळी वेणी घालताना मी त्याच्यासमोर बसते, आणि डावा डोळा घट्ट मिटून घेते.